सावलीतला उजेड मोजून घ्या
(शेतकरी बांधवांसाठी आकाशवाणीवरील भाषण)



आपण पाणी मोजतो. मोटार किती तास चालली, ठिबकच्या ड्रिपरमधून ताशी किती लिटर पडते, हे आपल्याला तोंडपाठ असते. खत पोत्यावर आणि किलोवर मोजतो, बी तर ग्रॅमवर मोजून घेतो. पण ज्याच्या जोरावर पानात पिकाचा सगळा स्वयंपाक होतो, तो उजेड मात्र आपण कधी मोजत नाही. मोकळ्या रानात त्याची तशी गरजही नसते. ऊन जेवढे पडेल तेवढे पडेल, ते कमी-जास्त करणे आपल्या हाती नाही. परंतु ज्या दिवशी आपण रोपांवर शेडनेटची जाळी ताणली, किंवा पॉलिहाऊसवर प्लॅस्टिकचा कागद चढवला, त्या दिवसापासून उजेडाचा नळ आपल्या हातात आला. मग त्या नळातून किती येते, हे आपल्याला ठाऊक असायला नको का?

आज मी तुम्हाला उजेड मोजण्याची एक साधी युक्ती सांगणार आहे. मुख्यतः भाजीपाल्याची रोपवाटिका करणाऱ्यांसाठी हे बोलणे आहे. पण ज्यांचे पॉलिहाऊस आहे त्यांनाही ते उपयोगी पडेल.

डोळा का फसतो?

तुम्ही म्हणाल, "साहेब, उजेड काय मोजायचा? दिसतोच की डोळ्यांना!" इथेच तर गफलत होते. आपला डोळा फार हुशार आहे. उजेड कमी झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते, उजेड वाढला की ती बारीक होते. त्यामुळे दोन्हीकडे आपल्याला सारखेच छान दिसते. पाण्याचे माप जसे लिटर, तसे उजेडाचे माप लक्स. निरभ्र दिवशी भर दुपारी मोकळ्या रानात साधारण १,००,००० लक्स उजेड असतो. पावसाळी ढग असले की तोच उजेड १०,००० ते २०,००० लक्सवर येतो, आभाळ फारच गच्च भरले तर त्याहूनही खाली जातो. आणि रात्री घरात ट्यूबलाइटखाली असतो जेमतेम काहीशे लक्स. म्हणजे भर दुपारच्या उन्हाचा शंभरावा हिस्साही नाही! तरी आपण ट्यूबखाली पोथी वाचतो, हिशेब लिहितो. डोळ्याला फरक कळत नाही. रोपाला मात्र कळतो, कारण त्याचे पोटच उजेडावर आहे.

जाळीखाली उभे राहून "ठीक आहे, भरपूर उजेड आहे" असे आपण म्हणतो, तेव्हा तिथे निम्मा उजेड आहे की पाव, हे डोळा सांगू शकत नाही. हाताने उचलून कापसाचे वजन सांगण्यासारखेच ते आहे. काट्यावर घातल्याशिवाय खरे कळायचे नाही.

उजेडाची नोंद ठेवणे ही काही आजची गोष्ट नव्हे. हवामान वेधशाळांत काचेचा एक भरीव गोळा मांडण्याची जुनी पद्धत आहे. गोळ्यातून ऊन एकवटते आणि खाली ठेवलेल्या कागदी पट्टीवर जळकी रेघ उमटते. कॅम्पबेल आणि स्टोक्स या दोन गृहस्थांच्या नावाने ते यंत्र ओळखले जाते. पहिल्याने ते १८५३ साली काढले आणि दुसऱ्याने १८७९ साली सुधारले. त्या रेघेवरून दिवसात किती तास ऊन पडले ते कळते. पण जाळीखाली किती उजेड उतरला, हे तो गोळा सांगत नाही. त्यासाठी दुसरे साधन हवे.

साधन कोणते?

सामान मोजकेच आहे. पहिली वस्तू म्हणजे प्रकाशाचा सेन्सर. बीएच १७५० या नावाचा सेन्सर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. अंगठ्याच्या नखाहून जरा मोठी पट्टी, तिच्यावर एक बारीक चौकोनी डोळा. किंमत साधारण शेकड्यांत, हजारांत नाही. असे दोन सेन्सर घ्यावेत.

दुसरी वस्तू म्हणजे एक लहानसा हौशी संगणक. रास्पबेरी पाय हा त्यातला एक. मुलांना स्वस्तात संगणक शिकता यावा म्हणून तो २०१२ साली इंग्लंडमध्ये निघाला. तळहातावर मावतो आणि मोबाईलच्या पॉवर बँकेवर चालतो. तो विकत घ्यायला काही हजार रुपये लागतात. पण लगेच पैसे घालायची घाई करू नका. आपल्या गावच्या किंवा शेजारगावच्या हायस्कुलात चौकशी करा. केंद्र सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून २०१६ सालापासून अनेक शाळांना टिंकरिंग लॅब मिळाल्या आहेत. तिथे असे संगणक आणि सेन्सर असतात आणि मुले ते हाताळतात. शिक्षकांशी बोलून एका दिवसासाठी ही मंडळी तुमच्या रोपवाटिकेत आली, तर मुलांचा अभ्यास होईल आणि तुमचे काम होईल.

जोडणी कशी करावी?

जोडणी चार तारांची आहे. ती घरातल्या शिकत्या मुलाकडून किंवा शाळेतल्या मुलांकडून करून घ्यावी. संगणकाच्या कडेला पिनांच्या दोन रांगा असतात. त्यांतील १ नंबरची पिन ३.३ व्होल्ट विजेची. ती सेन्सरच्या व्हीसीसीला जोडावी. ६ नंबरची पिन ग्राउंडची, ती जीएनडीला. ३ नंबरची एसडीएला आणि ५ नंबरची एससीएलला. शेजारीच ५ व्होल्टची पिन असते, तिला हात लावू नये. चुकीच्या विजेने संगणक कायमचा निकामी होऊ शकतो.

दोन्ही सेन्सर याच चार तारांवर बसतात, ही यातली मोठी सोय आहे. फक्त त्यांचे पत्ते वेगळे हवेत, नाहीतर एकाच घरी दोघांची पत्रे जायची! पहिल्या सेन्सरची एडीडीआर नावाची पिन ग्राउंडला जोडावी. त्याचा पत्ता होतो २३. दुसऱ्याची तीच पिन ३.३ व्होल्टला जोडावी; त्याचा पत्ता होतो ५सी. तारा मीटरभराच्या आतच ठेवाव्यात. लांब तारांवरून आकडे गोंधळतात.

संगणकाला सांगायचे काम एवढेच, की दर मिनिटाला दोन्ही सेन्सरचे आकडे वाच आणि वेळेसह लिहून ठेव. पायथन भाषेतला हा कार्यक्रम मुले थोडक्यात लिहितात. आकडे मोबाईलच्या पडद्यावर दिसतील अशी सोयही होते. दोन गोष्टी मात्र बजावून सांगा. बहुतेक वेळा या संगणकाचे घड्याळ वीज गेली की थांबते आणि इंटरनेट मिळाल्यावर पुन्हा जुळते. तेव्हा रानात गेल्यावर मोबाईलचे इंटरनेट जोडून वेळ बरोबर झाली की नाही ते पाहावे. दुसरे, काम संपल्यावर संगणक रीतसर बंद करावा. तार तशीच ओढली तर आतले कार्ड बिघडते आणि दिवसभराची नोंद जाते.

भर उन्हात सेन्सर अडकतो

आता एक महत्त्वाची अडचण. हा सेन्सर नेहमीच्या मांडणीत ५४,६१२ लक्सपर्यंतच मोजतो. भर दुपारी उघड्यावर उजेड त्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. मग आकडा ५४,६१२ वर अडकून बसतो. माप भरून वाहते आहे आणि आपण मात्र म्हणतो, माप भरले! तो आकडा खरा धरून हिशेब केला, तर जाळीखाली आहे त्यापेक्षा जास्त उजेड आहे असे वाटेल आणि सगळा हिशेब उलटा होईल.

यावर उपाय घरगुती आहे. दोन्ही सेन्सरवर पांढऱ्या, अर्धवट पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीची सारखी झाकणे बसवावीत. झाकणाने उजेड कमी होतो आणि तिरपे येणारे ऊनही सारखे पसरते. झाकण किती उजेड अडवते ते आधी काढून घ्यावे. निरभ्र सकाळी, आकडा ५०,००० च्या खाली असतानाच, आधी उघड्या सेन्सरचा आणि लगेच झाकलेल्या सेन्सरचा आकडा घ्यावा. समजा, उघडा असताना ३०,००० आला आणि झाकल्यावर १०,०००; तर झाकलेल्या आकड्याला ३ ने गुणले की खरा उजेड मिळेल. मग दुपारी १,००,००० लक्स उजेड असला, तरी झाकलेला सेन्सर ३३,००० च्या आसपास दाखवील आणि अडकणार नाही.

त्यानंतर दोन्ही झाकलेले सेन्सर उन्हात शेजारी-शेजारी सपाट ठेवावेत. दोघांचे आकडे तंतोतंत जुळतीलच असे नाही. समजा, एक १०,००० दाखवतो आणि दुसरा ९,५००. तर दुसऱ्याच्या आकड्याला दर वेळी १.०५ ने गुणावे. दोन तराजू एकमेकांशी ताडून घेण्यासारखेच हे आहे.

जाळी विकत घेण्यापूर्वी

बाजारात ३५, ५०, ७५ आणि ९० टक्के सावलीच्या जाळ्या मिळतात. ५० टक्के म्हणजे निम्मा उजेड अडवणारी. आपण दुकानदाराच्या शब्दावर घेतो. आता तसे करायची गरज नाही. मीटरभर तुकडा मागून आणा. चार काठ्या रोवून तो विताभर उंचीवर ताणा, चारही कडा खाली जमिनीला टेकवा, म्हणजे बाजूने उजेड शिरणार नाही. एक सेन्सर आत मधोमध ठेवा, दुसरा बाहेर जवळच ठेवा. निरभ्र दिवशी बारा वाजता दोन्ही आकडे एकाच वेळी घ्या. आतल्या आकड्याला बाहेरच्या आकड्याने भागा आणि १०० ने गुणा. ४८ ते ५२ आले, तर जाळी ५० टक्क्यांची आहे. ३० आले, तर ती ७० टक्के सावली करते आहे. एवढ्या एका तासाच्या खटपटीने चुकीच्या जाळीवर जाणारा पैसा आणि पूर्ण हंगाम वाचतो.

रोपवाटिकेत मोजणी कशी करावी?

उभ्या शेडनेटमध्ये मोजताना आधी बाहेर मोकळ्या जागी आकडा घ्यावा. मग आत जाऊन चार कोपऱ्यांत आणि मध्ये, असे पाच ठिकाणी घ्यावेत. बाहेर येऊन पुन्हा एकदा बाहेरचा आकडा घ्यावा. हे सगळे दहा मिनिटांत उरकावे. बाहेरचे पहिले व शेवटचे आकडे एकमेकांपासून फार लांब असले, तर मधे ढग आला असे समजून मोजणी पुन्हा करावी. सेन्सर रोपांच्या शेंड्यांच्या उंचीवर सपाट धरावा. डोक्याच्या उंचीवर नव्हे. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन, अशा तीन वेळी मोजावे. कारण रोप दुपारच्या एका आकड्यावर जगत नाही, दिवसभराच्या बेरजेवर जगते. जमल्यास एक पूर्ण दिवस सेन्सर आत ठेवून मिनिटामिनिटाची नोंद घ्यावी. शेजारचे झाड किंवा गोठ्याची भिंत सकाळी दोन तास किती ऊन खाते, हे त्यातूनच कळते.

आमच्या भागातील एका रोपवाटिकेची गोष्ट सांगतो. टोमॅटोची रोपे लांबट, किडकिडीत येत होती. पेरांतले अंतर वाढलेले, पाने फिकट पोपटी, ट्रे उचलला की रोपे माना टाकायची. गिऱ्हाईक ट्रे परत करू लागले. मालकाचा राग बियाण्यावर, बी बदलायचे त्यांनी ठरवूनही टाकले होते. आम्ही दुपारी बारा वाजता मोजणी केली. बाहेर ९६,००० लक्स, आत मध्यभागी २२,०००. म्हणजे चौथा हिस्सासुद्धा आत उतरत नव्हता. जाळी तर ५० टक्क्यांची! वर पाहिले तेव्हा उलगडा झाला. फाटली म्हणून जुन्या जाळीवरच नवी जाळी टाकलेली आणि जुनीवर दोन वर्षांची धूळ. खालची जाळी काढली, वरची धुतली. नंतरच्या खेपेची रोपे त्याच बियाण्याची, पण ठेंगणी, जाड काडीची आली. बियाण्यावर ठेवलेला ठपका निघून गेला.

इथे एक हिशेब नीट ध्यानात घ्या. दोन जाळ्यांची सावली बेरजेने नाही, तर उजेडाच्या गुणाकाराने धरायची. पहिल्या ५० टक्के जाळीतून निम्मा उजेड खाली येतो. दुसरी त्या निम्म्याचा निम्मा करते, म्हणजे पाव उरतो. पॉलिहाऊसचा कागद १०० पैकी ८० उजेड सोडतो असे धरले आणि आत ५० टक्के जाळी ओढली, तर रोपांपर्यंत ४० उजेड पोहोचतो. धूळ, शेवाळ, मागच्या वर्षीचा पांढरा चुना, हे सगळे या गुणाकारात आपापला हिस्सा घेतात.

आकडा मिळाल्यावर काय करावे?

पहिले, जाळी आणि कागद स्वच्छ पाण्याने, मऊ ब्रशने धुवावेत. धुण्यापूर्वी आणि धुतल्यावर मोजावे. किती उजेड वाढला हे आकड्यातच दिसेल आणि पुढच्या वेळी धुवायचे कधी, ते ठरवता येईल.

दुसरे, हंगामाप्रमाणे जाळी वापरावी. एप्रिल-मेच्या उन्हात ५० टक्के जाळी रोपांची मैत्रीण आहे. १,००,००० मधून ५०,००० लक्स उरतात, ते पुष्कळ झाले. तीच जाळी जुलैत वैरीण होते. ढगाळ दिवशी बाहेरच १५,००० लक्स असतात, त्यातले निम्मे जाळी खाते. उरलेल्या साडेसात हजारांत रोप उजेडाच्या शोधात उंच पळत सुटते. म्हणून जाळी गुंडाळता येईल अशी बांधावी. मात्र पांढरी माशी व फुलकिडे अडवणारी कीटकरोधक जाळी काढू नये. मिरची-टोमॅटोवर चुरडामुरडा आला तर उजेडाचा फायदा मातीमोल होईल.

तिसरे, पुनर्लागवडीपूर्वी आठवडाभर रोपांना टप्प्याटप्प्याने उन्हाची सवय करावी. आज ५० टक्के, दोन दिवसांनी सकाळ-संध्याकाळ उघडे, मग दिवसभर उघडे. ५०,००० लक्समधून रोप एकदम १,००,००० मध्ये नेले, तर पाने भाजतात.

चौथे, आकडा बरोबर आला आणि तरी रोपे लांबट असतील, तर कारण दुसरीकडे शोधावे. पाणी जास्त होते आहे का, नत्र जास्त दिले का, एका कपात दोन-दोन रोपे आहेत का, ट्रे फार दिवस थांबले का, ते पाहावे. उजेड दोषी नाही हे कळणे हाही मोजणीचा मोठा फायदाच आहे.

साधनाच्या मर्यादा

लक्स हे माप माणसाच्या डोळ्याला धरून ठरवलेले आहे. डोळ्याला हिरवा रंग जास्त उजळ दिसतो. रोपाला तांबडा आणि निळाही तितकाच कामाचा असतो. म्हणून हिरव्या जाळीखाली आलेला आकडा रोपाच्या दृष्टीने थोडा फुगलेला असतो, हे लक्षात ठेवावे. काळ्या जाळीखाली असा फरक पडत नाही. शास्त्रज्ञ मंडळी पिकाचा उजेड मायक्रोमोलमध्ये मोजतात. सूर्यप्रकाशात लक्सच्या आकड्याला ५४ ने भागले की साधारण तो आकडा मिळतो. म्हणजे १,००,००० लक्स म्हणजे सुमारे १,८५० मायक्रोमोल. जांभळ्या-गुलाबी एलईडी दिव्यांखाली मात्र हा भागाकार चालत नाही. तसेच झाकणाचे प्लॅस्टिक उन्हाने पिवळे पडते, तेव्हा दर हंगामाला झाकणाचा गुणाकार पुन्हा काढावा. सेन्सर दवाने आणि फवाऱ्याने भिजू देऊ नये.

काहींना वाटेल, हे जमणार नाही. त्यांनी तयार लक्समीटर वापरावा. तेही नसेल तर मोबाईलमधल्या उजेड मोजणाऱ्या अॅपवर आत आणि बाहेर असा नुसता ताळा पाहावा. तो आकडा तंतोतंत नसेल, पण डोळ्यापेक्षा बरा.

थोडक्यात लक्षात ठेवा:

१. जाळीखालचा उजेड डोळ्यांनी ठरवू नका. आत व बाहेर मोजून टक्केवारी काढा.
२. सेन्सरवर पांढरे झाकण बसवा; ५४,६१२ वर अडकलेला आकडा हिशेबात धरू नका.
३. दोन्ही सेन्सर आधी शेजारी ठेवून ताडून घ्या.
४. नवी जाळी घेण्यापूर्वी तुकड्यावर चाचणी करा.
५. मोजणी निरभ्र दिवशी, रोपांच्या शेंड्याच्या उंचीवर, पाच ठिकाणी करा.
६. जाळीवर जाळी म्हणजे गुणाकार. ५० वर ५० टाकली तर पावच उजेड उरतो.
७. पावसाळी ढगांत सावलीची जाळी गुंडाळा. कीटकरोधक जाळी तशीच ठेवा.
८. तारीख, वेळ, बाहेरचा आकडा, आतला आकडा एका वहीत लिहीत जा.

ही वही दोन-तीन हंगाम जपून ठेवा. कोणत्या महिन्यात जाळी ओढायची आणि कधी गुंडाळायची, हे मग तुम्हाला कोणी सांगायला लागणार नाही. तुमच्याच रानाचे आकडे तुम्हाला सांगतील.